खोकल्याचं पातळ औषध: काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला बरीच वर्षं झाली. पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की दिवसभर एकच वाक्य कानावर पडतं: "ताई, खोकल्याची एक चांगली बाटली द्या." कोणासाठी हवी, वय किती, खोकला सुका की कफाचा, आणखी कोणती औषधं चालू आहेत, असं मी विचारायला लागले की काही जण वैतागतात. तरी मी विचारते, कारण बाटली घरी गेल्यावर ती कोणाच्या पोटात जाणार हे मला दिसत नाही. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे लिहिली आहेत. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. तो घरात नीट दिला जावा, म्हणून हे.

दीड वर्षाच्या बाळाला खोकला झालाय. कोणतं सिरप देऊ?

कोणतंच नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत, आणि ५ वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. हे ऐकून आईवडील नाराज होतात. बाळ रात्रभर खोकतंय आणि ही बाई औषध नाही म्हणते, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. त्यांची काळजी मला समजते, म्हणून कारणही सांगते.

लहान मुलांची बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते आणि आपोआप बरी होते. सिरपने ती एक दिवसही लवकर बरी होत नाही. खोकल्यामुळे छातीतला कफ वर येतो. खोकला दाबून टाकला तर तो कफ आतच राहतो. शिवाय या औषधांनी एवढ्याशा मुलाला गुंगी येऊ शकते, छातीत धडधड होऊ शकते, श्वास मंदावू शकतो. म्हणजे फायदा जवळपास काही नाही आणि धोका मात्र खरा.

मग करायचं काय? अंगावरचं दूध वरचेवर पाजा. मोठ्या मुलाला कोमट पाणी, पेज, डाळीचं पाणी थोडं थोडं देत राहा. ताप असेल तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं तापाचं औषध द्या. आणि बाळाच्या श्वासाकडे लक्ष ठेवा. श्वास कसा मोजायचा ते पुढे लिहिलं आहे, तो भाग कृपया वाचाच.

नाक इतकं चोंदलंय की बाळाला दूधच ओढता येत नाही. त्याचं काय?

मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, सलाइनचे. दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब सोडा, मिनिटभर थांबा, मग मऊ कापडाने नाहीतर रबरी पिचकारीने शेंबूड काढा. त्यात औषध नसतं, त्यामुळे दिवसातून अनेकदा केलं तरी चालतं.

नाकात तेल किंवा तूप मात्र सोडू नका. आजी प्रेमाने करतात, पण तेलाचा थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात उतरला तर तिथे न्यूमोनियासारखी सूज येते. तसंच कापूर. कापूर चोळून केलेलं तेल किंवा कापूर असलेला बाम २ वर्षांखालच्या बाळाला लावायचा नाही, नाकाजवळ तर मुळीच नाही. कापराची वडी मुलाच्या पोटात गेली तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. देवघरातली कापराची डबी उंच ठेवा.

मागच्या वेळी डॉक्टरांनी नाक वाहण्यावर तोंडाने द्यायचे थेंब दिले होते. तेच पुन्हा आणले तर?

बाटलीवरचा मजकूर वाचा. त्यात क्लोरफेनिरामाइन (वाहतं नाक थांबवणारं, झोप आणणारं) आणि फेनिलएफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठीचं) ही जोडी असेल तर थांबा. हे मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसा इशारा बाटलीवर छापावा, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. त्याआधी हे थेंब तान्ह्या बाळांनाही सर्रास दिले जायचे. कपाटात जुनी चिठ्ठी आणि जुनी बाटली असेल तर त्या भरवशावर जाऊ नका. तेव्हाच्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण आता नियम बदलला आहे.

डॉक्टरांनी 'एक चमचा' सांगितलं. घरातला चहाचा चमचा चालेल ना?

नाही चालणार. चिठ्ठीवरचा एक चमचा म्हणजे ५ मिली. घरातले चमचे त्या मापाचे नसतात. एकदा दुपारी गर्दी नव्हती, तेव्हा मी आणि दुकानातल्या मुलाने आमच्या डब्यांतले चमचे, शेजारच्या टपरीवरचा एक आणि पोह्यांचा एक असे गोळा केले. पाणी भरून ते सुई नसलेल्या सिरिंजने मोजलं. एकात जेमतेम ३ मिली मावलं, पोह्यांच्या चमच्यात ८ च्या वर. म्हणजे एकाच घरात सकाळी आईने दिलेला आणि रात्री बाबांनी दिलेला 'एक चमचा' दुपटीहून जास्त फरकाचा असू शकतो. बोंडल्याचंही तेच. ते दूध पाजायला उत्तम, औषध मोजायला नाही.

बाटलीवर प्लास्टिकचं माप येतं, त्यावर २.५, ५, १० अशा रेघा असतात. माप सपाट जागी ठेवा, डोळे रेघेच्या पातळीला आणा आणि मग ओता. हातात उंच धरून वरून पाहिलं की हमखास चूक होते. लहान मुलांसाठी तोंडाने द्यायची सिरिंज सगळ्यांत चांगली. मेडिकलमध्ये मागा, काही रुपयांना मिळते. मुलाला आडवं न करता मांडीवर बसवा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावा आणि हळूहळू सोडा. घशात थेट पिचकारी मारली तर ठसका लागतो.

एका बाटलीचं माप दुसऱ्या बाटलीला वापरू नका. ड्रॉपर तर अजिबात नाही, कारण तो त्याच औषधाच्या हिशेबाने आखलेला असतो. बाटलीवर 'हलवून वापरा' लिहिलं असेल तर खरंच हलवा. काही औषधं तळाशी बसतात. न हलवता दिलं तर पहिले डोस पातळ आणि शेवटचे जहाल जातात.

तापाचं औषध तर साधं असतं. त्यातही घोळ होतो का?

सगळ्यांत जास्त तिथेच होतो. पॅरासिटामॉल पातळ रूपात निरनिराळ्या ताकदीत मिळतं. एका सिरपमध्ये ५ मिलीला १२० मिलिग्रॅम, दुसऱ्यात ५ मिलीला २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांत १ मिलीलाच १०० मिलिग्रॅम. नाव तेच, चव तीच, बाटलीचा रंगही तसाच. पण थेंबांचं औषध १२० च्या सिरपपेक्षा चौपटीहून जास्त जहाल असतं. बाटली छोटी म्हणून औषध सौम्य, असा समज घराघरांत आहे आणि तो अगदी उलटा आहे.

हिशेब बघा. मुलाला एका वेळी प्रत्येक किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लागतं. १० किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम. १२० च्या सिरपचे ५ मिली बरोबर बसतात, २५० च्या सिरपचे २.५ मिली, आणि थेंबांचा एक ते दीड मिली. आता कोणी सिरप संपलं म्हणून थेंबांची बाटली काढली आणि सवयीने ५ मिली भरलं, तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम गेले. असं दर सहा तासांनी दोन-तीन दिवस चाललं तर यकृतावर घाव बसतो. १५ मिलीची पूर्ण बाटली म्हणजे १५०० मिलिग्रॅम. एवढ्याशा मुलाला ती विषासारखी आहे.

म्हणून चिठ्ठीवर नुसतं 'अर्धा चमचा' असेल तर डॉक्टरांना विचारा: कोणत्या ताकदीचं? आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही, दोन डोसांत निदान चार तास जाऊ द्यायचे. घरात दोघं-तिघं औषध देणारे असतील तर फ्रिजवर कागद लावा आणि दिल्याची वेळ लिहा. रात्री दोन वाजता झोपेतून उठल्यावर आठवणीवर विसंबू नका.

खोकल्याचं सिरप आणि तापाची गोळी एकत्र चालते का?

कधी चालते, कधी नाही. दोन्हींच्या घटकांची यादी शेजारी ठेवून बघा. सर्दीच्या कितीतरी सिरपांत आणि गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. वर तापाची गोळी घेतली की तेच औषध दुप्पट होतं. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामाइन, खोकल्याच्या सिरपमध्येही क्लोरफेनिरामाइन, मग दिवसभर माणूस पेंगत बसतो. कंपनीचं नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं, असं नसतं. मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. ते वाचता येत नसतील तर काउंटरवर वाचून घ्या. वाचून दाखवायचे आम्ही पैसे घेत नाही.

नैराश्यावरची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर खोकल्याची उबळ दाबणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यातल्या काही औषधांबरोबर ते धोकादायक ठरतं.

सुका खोकला आणि कफाचा खोकला, औषधं वेगळी असतात?

हो. सुक्या खोकल्यावर खोकल्याची उबळ दाबणारं औषध देतात, उदाहरणार्थ डेक्स्ट्रोमेथॉर्फन. बेडका पडत असेल तर कफ पातळ करणारं: अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन. यातलं ब्रोमहेक्सिन मला विशेष वाटतं, कारण ते अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून तयार झालं. आजी परसातल्या अडुळशाच्या पानांचा रस काढायची, त्याचंच हे नात्यातलं औषध.

बाजारात मात्र उबळ दाबणारं आणि कफ सोडवणारं एकाच बाटलीत घातलेली मिश्रणंही मिळतात. एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्याने लोटायचं, असं ते आहे. तुम्ही स्वतः निवडणार असाल तर कमीत कमी घटक असलेली बाटली घ्या.

काही सिरपांत दम्याचं औषधही असतं, टर्ब्युटालीन किंवा लेव्होसालब्युटामॉल. ज्याला श्वासनळी आवळण्याचा त्रास आहे त्याला त्याचा उपयोग. साध्या खोकल्यात घेतलं तर हात थरथरणं आणि छातीत धडधड एवढंच पदरी पडतं. "औषध घेतल्यापासून हात कापतायत" असं कोणी सांगितलं की मी आधी बाटली मागवून घेते.

मध्य प्रदेशात मुलं दगावली तेव्हापासून सिरपचीच भीती वाटते. आपली बाटली चांगली आहे हे कसं ओळखायचं?

ही भीती खोटी नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यात 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप प्यायलेल्या मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातली अनेक मुलं उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. वीसहून अधिक मुलं गेली. सिरप तामिळनाडूत कांचीपुरमला बनलं होतं. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेला एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के सापडलं. या विषाची मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विषच होती.

हे विष बाटलीत येतं कसं? पातळ औषध बनवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल असे द्रव लागतात. त्यांच्या जागी स्वस्त औद्योगिक माल आला, किंवा त्यात भेसळ झाली, आणि कारखान्याने पिंप तपासलं नाही, की ते सरळ औषधात उतरतं. डायएथिलीन ग्लायकॉल रंगहीन आणि चवीला गोडसर असतं. त्यामुळे हुंगून, चाखून किंवा उजेडात धरून ते घरी ओळखता येत नाही. ओळखता येतं असं सांगणारे निरोप मोबाईलवर फिरतात, त्यावर विश्वास ठेवू नका.

आपल्या महाराष्ट्राला ही जखम जुनी आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेलं ग्लिसरॉल (म्हणजे ग्लिसरीन) दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. पुढे २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशात भारतातून गेलेल्या सिरपांमुळे साठहून अधिक मुलं गेली. त्यानंतर निर्यातीच्या कफ सिरपची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली, १ जून २०२३ पासून. परदेशी मुलांसाठी तपासणी आणि छिंदवाड्याच्या मुलांसाठी नाही, हे मला आजही सहन होत नाही.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. परवाना असलेल्या मेडिकलमधूनच घ्या आणि पक्कं बिल घ्या. बिलावर बॅच नंबर असतो. एखादी बॅच सदोष निघाली तर तुमच्या घरी तीच आहे का, हे त्या आकड्यांवरूनच कळतं. खोकं फेकून देण्याआधी बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. आणि सिरप सुरू केल्यावर मुलाला उलट्या होऊ लागल्या, पोट दुखू लागलं, ते सुस्त पडलं, आणि मुख्य म्हणजे लघवी कमी झाली किंवा बंद झाली, तर औषध थांबवा आणि बाटलीसकट त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा. लघवीकडे लक्ष ठेवा असं मी मुद्दाम बजावते, कारण तापात मूल सुस्त असतंच. लंगोट सात-आठ तास कोरडा राहिला तर तो इशारा समजा.

तक्रार करायची तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५. औषधाचा दुष्परिणाम झाला असेल तर १८०० १८० ३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर तोही नोंदवता येतो.

मला बीपी आणि शुगर आहे. मोठ्या माणसाला काय होणार, म्हणून घेतलं तर?

नाक मोकळं करणारी औषधं रक्तवाहिन्या आवळतात. त्याने बीपी वाढू शकतं आणि नाडी जलद होते. बीपी, हृदयविकार, थायरॉइड, काचबिंदू यापैकी काही असेल तर काउंटरवर आधी तेच सांगा. फेनिलएफ्रिनबद्दल आणखी एक गोष्ट. तोंडाने घेतल्यावर त्याने नाक मोकळं होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. ज्याने नाकही सुटत नाही, त्यासाठी बीपीचा धोका कशाला घ्यायचा?

सिरप म्हणजे मुळात साखरेचा पाक. मधुमेह असेल तर साखरविरहित मागा. त्यात बहुधा सॉर्बिटॉल असतं, जास्त झालं तर जुलाब होतात. वयस्कर पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन अशा झोप आणणाऱ्या सर्दीच्या औषधांनी लघवी अडू शकते.

आणि बीपीच्या लोकांना खास सांगणं. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्यांनीच काहींना सुका, खवखवणारा खोकला लागतो. माझ्याकडे एक काका महिनोन्महिने दर पंधरा दिवसांनी बाटली न्यायचे. एकदा त्यांनी बीपीची चिठ्ठी आणली तेव्हा मला गोळीचं नाव दिसलं. डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी गोळी बदलली, आणि काही आठवड्यांत खोकला गेला. स्वतःहून मात्र बीपीची गोळी कधीच बंद करू नका.

सिरप घेऊन गाडी चालवता येते का?

बाटलीवर झोप येण्याचा इशारा असेल तर नाही. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, कोडीन यांनी गुंगी येते. रात्रपाळीचे ड्रायव्हर, यंत्रावर काम करणारे, यांनी हे आधीच सांगावं. दारूबरोबर तर घेऊच नका, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

कॉलेजातला मुलगा सारखा खोकल्याची बाटली आणतोय. खोकला तर दिसत नाही.

बाटली बघा. कोडीन असेल तर ते अफूच्या जातीचं औषध आहे, सवय लावणारं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेलं. बारा वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचाही नशेसाठी गैरवापर होतो. मुलावर ओरडून तो बाटली लपवायला शिकेल, एवढंच होईल. त्याला घेऊन मानसोपचार विभागात जा. जिल्हा रुग्णालयात तो असतो. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जो दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो त्याची तक्रार वर दिलेल्या क्रमांकावर करा, हे मी आमच्याच धंद्यातली असून सांगते.

नाकात घालायचे थेंब किती दिवस वापरायचे?

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं. मग माणूस आणखी थेंब घालतो आणि महिनोन्महिने अडकतो. मोठ्यांच्या ताकदीचे थेंब मुलांना घालू नका. साध्या सलाइनला ही मुदत नाही.

मध, आलं, काढा: हे तरी निर्धोक ना?

बरंचसं. मध एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा दिला तर रात्रीचा खोकला खरोखर कमी होतो. पण एक वर्षाच्या आत मधाचं बोटही चाटवू नका, बाळगुटी उगाळतानासुद्धा नाही. मधात कधी कधी असे जंतूंचे बीजाणू असतात जे तान्ह्याच्या आतड्यात विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं.

हळद-दूध, आल्याचा चहा, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची काडी, हे मोठ्यांनी खुशाल करावं. आयुर्वेदिक सिरपही माप पाळूनच घ्या. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं मद्य असतं, ते मुलांना मनाने देऊ नका. आणि वाफ. गरम पाण्याचं पातेलं मांडीजवळ, वर चादर आणि शेजारी मूल, यातून भाजल्याच्या घटना दर थंडीत होतात. मुलांना वाफेपेक्षा सलाइनचे थेंब बरे.

मागच्या वर्षीची अर्धी बाटली आहे. वापरू का?

नको. खोक्यावरची मुदत बंद बाटलीची असते. सील फोडल्यावर हवा आणि माणसाचे हात लागतात. मी बाटली देतानाच मार्करने लेबलवर 'उघडली तारीख' अशी रेघ आखून देते. आजार संपला की बाटली टाकून द्या. पाणी घालून बनवायचं अँटिबायोटिक तर बहुधा सातच दिवस टिकतं. उरलेलं औषध टाकताना चहाच्या चोथ्यात मिसळून पिशवी बांधा, आणि बाटलीवरचं लेबल फाडा म्हणजे कोणी पुन्हा भरून विकणार नाही.

औषध दिल्यावर मुलाने ओकून टाकलं. परत देऊ?

लगेच मनाने देऊ नका. किती पोटात राहिलं ते कळत नाही. डॉक्टरांना फोन करा. आणि औषध दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळू नका, अर्धी बाटली उरली की डोसही अर्धा.

मुलाने बाटलीच तोंडाला लावली. आता?

उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, ताक काही पाजू नका. मूल गुंगीत असेल, श्वास अडत असेल, झटके येत असतील तर १०८ ला फोन करा. शुद्धीवर असेल तरी रुग्णालयात न्या आणि बाटली बरोबर घ्या. दिल्लीच्या 'एम्स'मधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास सल्ला देतं: १८०० ११६ ११७. पॅरासिटामॉल जास्त गेलेलं मूल पहिल्या दिवशी हसतखेळत दिसू शकतं. त्यावर उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून 'बघू सकाळी' म्हणून थांबू नका.

डॉक्टरांकडे नक्की कधी जायचं?

मूल शांत किंवा झोपलेलं असताना त्याचा सदरा वर करा आणि पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, असा श्वास आला तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणीही घेत नसेल, तर रात्र असली तरी निघा. खोकून खोकून श्वास ओढताना 'हूप' असा आवाज आला तर तो डांग्या खोकला असू शकतो.

मोठ्यांचं साधं: सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. तरीही दोन आठवडे उलटले तर बेडक्याची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. क्षयरोगाचे रुग्ण कितीतरी बाटल्या पिऊन मग तिथे पोचतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. थुंकीत रक्त, वजन घटणं, रात्री घाम, यापैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

जाताना बरोबर काय न्यायचं?

घरात चालू असलेली सगळी औषधं. गेल्या थंडीत एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. पदराच्या गाठीत दोन बाटल्या, एक ड्रॉपर आणि ज्याने औषध पाजत होत्या तो चमचा. आम्ही काउंटरवर पाणी ओतून चमचा मोजला, सात मिली भरला. सिरिंजवर अडीच मिलीची खूण करून दिली आणि चमचा त्यांना परत दिला. त्यांनी तो पिशवीत टाकला, सिरिंज मात्र पदराच्या गाठीत बांधली.